नापासासाठी भांडलेले भोये गुरुजी

भोये गुरुजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाळीसेक शिक्षकांसमोर उभा राहून एक किस्सा सांगत होतो, आणि किस्सा त्यांचाच होता. मार्चचे दिवस, जव्हारला प्रशिक्षण, जेवणानंतरची वेळ. निम्मी सभा पेंगत होती. पेंगणाऱ्यांना जागं करायला माझ्याकडे एक हमखास औषध आहे. मी विचारतो, "आपल्या शाळेतल्या पोरीला नापास करा म्हणून भांडणारा मास्तर तुम्ही पाहिलाय का?" झोपलेला शिक्षकही या प्रश्नाला एक डोळा उघडतोच. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. पलीकडून हौसावहिनी, गुरुजींच्या पत्नी, रोजच्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी जेवले, आडवे झाले, नि उठले नाय. तू ये." मी फोन खिशात ठेवला. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "मग पुढं काय झालं, सर?" आणि मी... मी पुढचं सांगितलं. आवाज काढून, हात नाचवून, सगळं साग्रसंगीत. लोक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर म्हणालो, "हे गुरुजी आत्ता गेले. मी निघतो."

त्याला आता दीड महिना होऊन गेला. तो किस्सा मी त्या दिवशी नेहमीच्या पद्धतीने सांगितला, म्हणजे स्वतःला जरा झाकून. इथे झाकत नाही.

मी साताऱ्याकडचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी मोखाड्याच्या बाजूला शिक्षक म्हणून लागलो, तेव्हा अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट होता आणि डोक्यात शुद्ध मराठी. पहिल्याच दिवशी पहिलीतलं एक पोरगं माझ्यासमोर उभं राहून म्हणालं, "तू कुठचा? तू जेवला का?" मी चिडलो. गुरुजनांशी कसं बोलावं यावर मी एक छोटं भाषण दिलं, जे वर्गातल्या कुणालाच कळलं नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या शाळेत भोये गुरुजी होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, साखरशेत गावाकडचे, हाडकुळे, आणि जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखे शांत. संध्याकाळी ते मला भेटायला आले. मी तक्रार केली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "आमच्या बोलीत देवालाबी तूच म्हणतात. तू देवापेक्षा मोठा असशील तर सांग, पोरांना समजावतो." तेव्हापासून आमची मैत्री. ते मला तू म्हणत, त्यांची पोरं त्यांना तू म्हणत, वहिनी सगळ्यांनाच तू म्हणत. आणि मी एकटाच सगळ्यांना अहो-जाहो करत पाहुण्यासारखा वावरत असे.

आदिवासी पाड्यावरचा प्रेमळ गुरुजी म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर एक चित्र येतं. ते कृपया पुसून टाका. भोये गुरुजी मार्कांच्या बाबतीत भयंकर कंजूष होते. एकदा जिल्ह्याहून आलेल्या पेपरात एका गुणाचा प्रश्न होता: नाचणी कोणत्या ऋतूत पेरतात? उत्तर अपेक्षित होतं एका शब्दाचं, पावसाळा. त्यांच्या चौथीतल्या एका मुलीने पानभर लिहिलं. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जमीन कशी भाजायची, त्या राबावर बी कधी टाकायचं, रोपं वीतभर झाली की उपटून उतारावर पुन्हा कशी आवणायची, पाखरं कशी हाकायची... सगळं. त्या नादात वेळ संपली आणि तिचे पुढचे चार प्रश्न राहिले. मी म्हणालो, गुरुजी, या उत्तराला पाच मार्क द्या, मी सही करतो. ते म्हणाले, "प्रश्न एका मार्काचा हाय." एकच दिला. मात्र पुढच्या महिन्यातल्या शिक्षकांच्या बैठकीला ते त्या मुलीला घेऊन आले आणि तिच्याकडून ते पान वाचून घेतलं. आम्ही वीस पदवीधर खाली मान घालून नाचणी शिकलो. परत जाताना ते तिला म्हणाले ते मी ऐकलं: "परीक्षेत विचारतील तेवढंच सांगायचं. बाकीचं त्यांना झेपत नाय."

पुढे मी बढती मिळून केंद्रप्रमुख झालो. म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख करायची, त्यांचे निकाल गोळा करायचे, एका तक्त्यात भरायचे आणि वर पाठवायचे. गुरुजी आपल्या टेकडीवरच राहिले. त्या पाड्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी चौकशी लावेल, आणि चौकशीत सापडणारा गुन्हेगार मीच असेन. कसा, ते सांगतो.

मधली बरीच वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. मग नियम फिरला आणि पाचवीला पुन्हा पास-नापास आलं. त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती. जो नापास होईल किंवा परीक्षेला गैरहजर राहील, त्याला शाळेने सुट्टीत पुन्हा शिकवायचं आणि जूनमध्ये त्याची पुन्हा परीक्षा घ्यायची. कागदावर छान. पण प्रत्यक्षात प्रत्येक केंद्रप्रमुखाला वाटायचं की आपला निकाल शंभर टक्के दिसावा. तक्त्यात 'पुनर्परीक्षा' नावाचा एक रकाना होता आणि तो कोरा ठेवणं हे आमचं कौशल्य होतं. वरून कुणी सांगितलं नव्हतं, बरं का. आम्हीच हुशार.

त्या वर्षी गुरुजी मेअखेर निवृत्त होणार होते. शंभर टक्के निकालाच्या शाळांचा सत्कार ठरला होता: शाल, श्रीफळ, चौकटीतलं प्रमाणपत्र. माझ्या डोक्यात आलं, या माणसाला आयुष्यात कुणी शाल दिलेली नाही. त्यांच्या पाचवीत सगळी मुलं पास होती, एक सोडून. जनी. तिचं घर दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं, म्हणजे सगळं घरच. तिकडे ती धाकट्या भावाला सांभाळायची आणि ओल्या विटा उलटायची. परीक्षेच्या वेळी ती तिकडेच होती. गुरुजींनी तिच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं: गैरहजर, पुनर्परीक्षा. मी तक्ता भरायला बसलो, ते अक्षर पाहिलं, शाल आठवली... आणि जनीला पास केलं. पेपर न देता, शाळेत न येता, भिवंडीत विटा उलटताना ती पोरगी उत्तीर्ण झाली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

एक मेला झेंडावंदन झालं, निकाल लागले, आणि दुपारी गुरुजी माझ्या दारात उभे. मी म्हणालो, या, अभिनंदन. ते बसले नाहीत. हातातला तक्ता उलगडून त्यांनी एका नावावर बोट ठेवलं.

"ही पास कशी?"

मी सगळं सांगितलं. शेवटचं वर्ष, सत्कार, एकाच पोरीचा प्रश्न, कुणाचं काही बिघडत नाही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोर पास नाय, नि गुरुजी पास?"

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणालो, माहिती ऑनलाइन भरून झाली, आता बदलत नाही. हे खोटं होतं. बदलता येत होती, पण माझी चूक मलाच अर्ज करून कबूल करावी लागली असती. गुरुजी म्हणाले, "बरं. मंग परवा बोहाड्याला ये." आणि पाणीही न पिता गेले.

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवट्यांचा उत्सव. देवादिकांची, राक्षसांची सोंगं एकेक करून येतात, संबळ वाजतो, प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, ठेका वेगळा. मुखवटे घराण्याकडे चालत आलेले असतात. गुरुजींच्या घरात भीमाचं सोंग होतं, आणि ज्यांनी गुरुजींची तब्येत पाहिली होती त्यांना हा भीम बघून हसू आवरत नसे. कुठेही कामाला गेलेली माणसं बोहाड्याला मात्र दोन दिवस गावात येतातच. म्हणून गुरुजींचा खरा निकाल एक मेला लागत नसे. एक मेला अंगणात मास्तर आणि झेंडा एवढेच असायचे. शेवटच्या दिवशी सकाळी देवीचं सोंग विसावलं की सगळा पाडा शाळेच्या अंगणात बसायचा, आणि गुरुजी निकाल सोंगांसारखा लावायचे. नाव पुकारायचं, पोर मोहाच्या झाडामागून आपापल्या चालीने नाचत पुढे यायचं, संबळ वाजायचा, आणि गुरुजी त्यांच्या बोलीत एकच वाक्य सांगायचे की हे पोर यंदा काय शिकलं. "हा आता भागाकार करतो, पण बाकी उरली की घाबरतो." "ही गोष्ट वाचते नि शेवट स्वतःचा सांगते." टक्के कुणी विचारत नसे.

संबळ वाजवणारा होता लखमा. जनीचा बाप. त्याच्याइतका संबळ वाजवणारा त्या टापूत दुसरा नव्हता, म्हणून भट्टीवरून तो दोन दिवसांसाठी बायकापोरांना घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सगळे परत जाणार होते. पाऊस लागेपर्यंत भट्टी चालते. मी खुर्चीवर बसलेलो, पाहुणा म्हणून. एकेक पोर नाचत आलं. लखमाने प्रत्येकाला वेगळा ठेका दिला. मी तर खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवत होतो. सगळे संपले. जनी झाडामागे उरली. लखमाने काठ्या सावरल्या.

गुरुजी म्हणाले, "जनी. नापास."

लखमाच्या काठ्या वरच राहिल्या. लखमा म्हणाला, "ती नापास कशी, गुरुजी? ती तं परीक्षेलाच नव्हती."

"म्हणून तं नापास. नसलेल्याला पास करणारे येगळे." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "लखमा, ऐक. मी पास म्हणलो तर ती जूनात आश्रमशाळेत सहावीला बसंल. पुस्तक उघडंल नि गप बसंल. मंग शाळा सोडंल, नि तू म्हणशील पोर ढ होती. नापास म्हणलो तर उद्यापासून जूनपर्यंत माझ्या डोक्यावर बसंल. तू सांग, काय लिहू?"

लखमाचा प्रश्न साधा होता. जनीला मागे ठेवलं तर भट्टीवर धाकट्याला कोण सांभाळणार? तो तसं म्हणाला. तेवढ्यात बायकांतून हौसावहिनी म्हणाल्या, "त्यालाबी इथंच ठेव. मला कुठं परीक्षा हाय?"

बायका हसल्या. लखमाही हसला, पण लगेच गंभीर होऊन म्हणाला, "मंग लिही नापास." आणि काठ्या खाली ठेवायला लागला. गुरुजी म्हणाले, "ठेवतो कशाला? वाजव."

"नापासाला वाजवू?"

"नापासालाच वाजव. तिला अजून चालायचं हाय."

आणि लखमाने वाजवला. झाडामागून जनी आली, आधी लाजत, मग देवीच्या चालीने, मान ताठ करून. नापास झालेल्या पोरीसाठी संबळ वाजताना मी जगात दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही... आणि त्या ठेक्यावर माझा पाय मात्र हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या ऑफिसात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या क्लार्कने तो दोनदा वाचला आणि शेजाऱ्याला दाखवला. लोक पास करून घ्यायला हेलपाटे घालतात, साहेब नापास करून घ्यायला आलेत, म्हणून सगळ्या खोलीने चहा मागवला. 'कारण' या रकान्यात आधी मी 'नजरचूक' लिहिलं होतं. जाण्याआधी गुरुजींना दाखवलं तेव्हा त्यांनी ते खोडायला लावलं होतं; नजर तर चांगली होती तुझी, म्हणाले. मग लिहिलं, 'माझ्याकडून मुद्दाम'. त्याबद्दल मला लेखी समज मिळाली. माझ्या नोकरीतली ती एकमेव समज. मी ती लॅमिनेट करून ठेवली आहे.

त्या मे महिन्यात गुरुजींनी काय केलं ते मी अधूनमधून जाऊन पाहत होतो. जनीला हिशोब येत होता, तोही तोंडी आणि झपाट्याने. ओळीत किती विटा, किती ओळी, हे तिचं रोजचं होतं. वाचता मात्र अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी पुस्तक बाजूला ठेवलं. तिला बोलायला लावलं, भट्टीवरचं, भावाचं, तिथल्या कुत्रीचं. ती बोलेल ते तिच्याच बोलीत फळ्यावर लिहिलं, आणि मग तेच तिला वाचायला दिलं. आपलं बोलणं फळ्यावर बसलेलं पाहून ती चकित झाली. हळूहळू त्याच वाक्यांशेजारी शाळेची मराठी आली. मी दारात दिसलो की ती मान वळवून म्हणायची, "तू आला का, पास करणारा?" गुरुजी तिला कधी रागावले नाहीत. वहिनी ओटीवर धाकट्याला भात भरवत असायच्या, आणि मला कोरा चहा मिळायचा, ज्याला त्या घरात चहा म्हणत आणि बाहेर औषध.

मेअखेर सत्कार झाला. शंभर टक्केवाल्या शाळांना शाली मिळाल्या. गुरुजी तिसऱ्या रांगेत बसून प्रत्येक शालीला मनापासून टाळ्या वाजवत होते. त्याच दिवशी ते निवृत्त झाले, आणि एक जूनला सकाळी नेहमीच्या वेळी शाळेच्या ओट्यावर जनीसमोर बसलेले होते. निवृत्त झालात ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मी झालो. ती नाय झाली." पंधरवड्याने नव्या मॅडमनी परीक्षा घेतली. जनी पास झाली. काठावर. मी पेढे घेऊन गेलो, तर गुरुजींचं तोंड उतरलेलं. म्हणाले, काठावरून माणूस घसरतं. आणि आश्रमशाळेत पोचवायचा दिवस उजाडेपर्यंत तिला आणखी आठ दिवस बसवलं. आज ती आठवीत जाते आहे. पहिली वगैरे येत नाही. पण पुस्तक उघडते आणि गप बसत नाही, असं तिथल्या बाई सांगतात.

इथे मी भाषणात थांबतो. टाळ्या मिळतात. पुढचं कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मेमध्ये गुरुजींना भेटलो, ती शेवटची भेट. प्रकृतीची चौकशी मी करायची, तर त्यांनीच विचारलं, "यंदा तुझ्या केंद्रात पाचवीला नापास किती?" आणि मी सवयीने, अभिमानाने सांगून टाकलं, "एकही नाही." कारण जनीनंतरच्या वर्षी तो रकाना पुन्हा कोरा गेला होता. किस्सा मी गावोगाव सांगत होतो, आणि तक्ता पूर्वीसारखाच भरत होतो. गुरुजींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला, आणि मग नाचणीचं बी यंदा कुठून आणायचं याविषयी बोलत बसले. मला वाटलं, विसरले असतील... विसरणारा माणूस नव्हता तो. मला समज द्यायचा कंटाळा आला असेल.

यंदा निकालाचा तक्ता भरायला बसलो. शाळांकडून कागद आले होते, सगळे शंभर टक्के. मीच शिकवलेलं कौशल्य. मी एकेका शिक्षकाला फोन केला आणि म्हणालो, खरं सांगा, मी विचारतोय. एकीने विचारलं, "सर, काही तक्रार झालीय का?" मी म्हणालो, झालीय, भोये गुरुजींची. मग नावं यायला लागली. त्या रकान्यात इतकी नावं मावत नव्हती. मला खाली कागद जोडावा लागला. वरून फोन आला, तुमच्या केंद्राचा निकाल एकदम कसा पडला? मी म्हणालो, पडलेलाच होता, उचलून दाखवला.

परवा, मेच्या मध्यात, एका शाळेवर गेलो. सुट्टी, अंगणात धूळ, बाकीच्या खोल्यांना कुलपं. एकाच खोलीचं दार उघडं होतं आणि आत पाच-सहा पोरं पुस्तकावर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती, एक पुढे, एक मागे. तिथल्या मॅडम गडबडून उठल्या. तपासणीला आलात का, म्हणाल्या. मी म्हणालो, नाही, जरा बसतो. खुर्ची नको म्हणालो आणि सतरंजीवर मागच्या रांगेत बसलो. शेजारच्या मुलीने वाचता वाचता माझ्याकडे निरखून पाहिलं, पांढऱ्या केसांपासून बुटांपर्यंत.

"तू बी नापास हाय का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

ती थोडी सरकली आणि पुस्तक दोघांच्या मध्ये ठेवलं.